आधी ताण, मग कैची

सिंदी मेघे, वर्धा
१८ नोव्हेंबर २००२

मयुरी,

आशीर्वाद हाये, पण थोडाच. दिवाळीले आली नाई, तेवढा कापून घेतला.

तुहा बाप आपल्या कापडाच्या दुकानात येईन त्या गिऱ्हाइकाले सांगते का पोरगी पुण्यात मोठं संशोधन करून राह्यली. कायचं, म्हणून इचारलं तर म्हणे खमिराचं. चार वर्षं झाली. खमिरात एवढं पाहासारखं काय असते व? आपल्या चौकातला हलवाई रोज सकाळी झाकण काढून पाहते, वास घेते अन् जिलब्या पाडते. त्याले तर कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाई.

काम हाये म्हणून लिहितो. मी तिसरीपर्यंत शिकली, ओळ वर-खाली गेली तर हासू नको.

तुह्या वहिनीचं लेकरू, रजत, पाच महिन्याचं झालं. मान धरत नाई, हात-पाय कापसाच्या पेळूसारखे ढिले, डोळे तिरपे. मोहिनी त्याले सेवाग्रामले घेऊन गेलती. तिथल्या डॉक्टरीणबाईनं रक्त तपासून एक कागद देला. कागदावर काड्या जोडीजोडीनं लावून हायेत, अन् एकवीस नंबरच्या घरात दोनाच्या जागी तीन. बाईनं समजावलं का लेकरू हळू शिकन, हळू चालन, पण चालन. मोहिनीनं ऐकून घेतलं, घरी आली अन् कपडे वाळू घातले. रडणं तिनं तिकडंच आटपून घेतलं असन.

घरात रडून राह्यली ते तुही माय. शोभाले कागद पुरला नाई, तिले गुन्हेगार पाहिजे. तो तिनं हुडकला. मागच्या माघ चतुर्थीले आपण केळझरच्या गणपतीले गेलतो, मोहिनीले पाचवा महिना होता. परसादात तिच्या हाती जुळं केळं आलं, एका सालीत दोन. तिनं खाल्लं. आता शोभा म्हणते, पोटुशी बाईनं जुळं केळं खाल्लं म्हणून लेकरू असं झालं. तवा काऊन नाई बोलली? तवा तिचं ध्यान सुटी केळी पिशवीत कोंबण्यात होतं, शेजारणीले वाटाले.

तर ठरलं असं, का येत्या माघ चतुर्थीनंतर मोहिनीचा भाऊ योगेंद्र आर्वीहून येईन अन् माय-लेकराले घेऊन जाईन. तोंडानं 'थोडे दिवस' म्हणतात. पण मोहिनीच्या लग्नातली पेटी माळ्यावरून उतरवून पुसून ठेवली. थोड्या दिवसासाठी कोणी पेटी पुसते का? तुहा बाप मान हलवते. तुहा भाऊ गजेंद्र काहीच बोलत नाई. त्याच्या तोंडात तंबाखूचा खर्रा राह्यते, तोच त्याचा मोठा आधार.

मले मोहिनीची दया येत नाई. दया करासारखी बाई नाई ते. पण या घरात मले तोंडावर उलटून बोलणारी ते एकटीच हाये. बाकीचे समोर होय होय करतात अन् मांगून तोंड वाकडं करतात. ते गेली तर मी भांडू कोणाशी, भिंतीशी?

मोहिनी म्हणते तू याच काड्यांचं शिकून राह्यली. तर एवढंच लिहून पाठव, केळ्यानं असं होते का नाई होत. मी सगळ्यांसमोर वाचीन. इंग्रजी घालू नको, अन् स्वतःची हुशारी तर बिलकुलच नको.

आनंदाबाई


पुणे
२९ नोव्हेंबर २००२

प्रिय आजी,

कापून उरलेला आशीर्वाद मिळाला. नमस्कार.

केळ्यानं असं होत नाही. हे एक वाक्य पुरेसं आहे, पण घरात ते पुरणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून पुढचं लिहिते.

शरीर पेशींचं बनलेलं असतं आणि प्रत्येक पेशीत या काड्या असतात, त्यांना आम्ही गुणसूत्रं म्हणतो. एका पेशीच्या दोन व्हायच्या असल्या की आधी प्रत्येक काडीची हुबेहूब प्रत तयार होते. काडी आणि तिची प्रत यांना आम्ही बहिणी म्हणतो. या बहिणी लगेच वेगळ्या होत नाहीत. प्रथिनांच्या बारीक कड्या दोघींना एकत्र धरून ठेवतात, दोन बोटांत मिळून एकच अंगठी घालावी तशा. मग पेशीच्या दोन टोकांकडून दोरे येतात. एका बाजूचा दोरा एकीला धरतो, दुसऱ्या बाजूचा दुसरीला. सगळ्या जोड्या अशा धरल्या गेल्या की एक कैची मोकळी सुटते, कड्या कापते आणि बहिणी दोन बाजूंना जातात. त्या कैचीवर एक पहारेकरी असतो, तो हटेपर्यंत तिला चालता येत नाही. माझं काम या पहारेकऱ्यावर आहे. खमिरात हे सगळं माणसासारखंच होतं आणि खमीर तक्रार करत नाही, म्हणून खमीर.

रजतच्या बाबतीत बहुधा आईच्या अंड्यात एकवीस नंबरची जोडी सुटली नाही. दोन्ही एकाच बाजूला गेल्या. त्यात वडिलांकडून आलेली एक मिळाली, म्हणून तीन. यात केळं कुठेच येत नाही.

वहिनीला माझा नमस्कार सांग. मला यायचं होतं, पण प्रयोग अर्धा सोडता येत नाही.

तुझी,
मयुरी


सिंदी मेघे
१२ डिसेंबर २००२

मयुरी,

शाबास. एवढं शिकून तू नेमका शोभाच्या हाती विळा देला.

रविवारी जेवणं झाल्यावर मी सगळ्यांले बसवलं अन् तुहं पत्र मोठ्यानं वाचलं. कड्या, दोरे, कैची, सगळं. तुह्या बापानं, भैय्याजीनं, चष्मा काढून पुसला, म्हणजे त्याले काही समजलं नाई. मी वाचलं, 'जोडी सुटली नाही', अन् शोभा ताडकन उभी राह्यली. म्हणे, "पाहा! मी काय सांगून राह्यली होती? जुळं केळं म्हणजे तरी काय? न सुटलेली जोडीच ना! माह्या पोरीनं पुण्याहून लिहून देलं!"

भैय्याजी म्हणे, "शास्त्रातही तेच हाये म्हणजे."

शास्त्र म्हणे! ज्या माणसाले मीटरपट्टी उलटी धरली का सुलटी ते गिऱ्हाईक सांगते, तो शास्त्र सांगते. दुसऱ्या दिवशी शोभानं तुह्या पत्राची झेरॉक्स काढून आणली. कोणाकोणाले दाखवून राह्यली. केळं खोटं असतं तर शास्त्रज्ञ पोरीनं जोडीची गोष्ट कायले लिहिली असती, असं म्हणते. योगेंद्रले निरोपही गेला.

मोहिनी चुलीपाशी होती. तिनं फक्त एवढं म्हटलं, "आजी, तुम्ही वाचत जाऊ नका. तुमच्या वाचण्यानं माही एक-एक वस्तू पेटीत चालली."

बोलली ते खरं बोलली, म्हणून मले जास्त राग आला.

आता मी तुले इचारतो अन् नीट सांग. तुही कैची दम काऊन धरते? जोडी तयार झाली का कापून मोकळी व्हावं. अन् पेशीले कसं समजते का दोरे बरोबर बसले? तिले काय डोळे हायेत? आपल्या दुकानातल्या धोतरजोडीतही हेच असते, हे तुले माहीत नसन, तू दुकानात आली ते फक्त लिमलेटच्या गोळ्यासाठी. एका विणीत दोन धोतरं येतात. मध्ये चार बोटं नुसते उभे दोरे असतात. तुहे आजोबा नानाजी एक टोक धरत, नोकर दुसरं टोक धरे, दोघं ओढून ताण बसवत अन् मंग मी मधात कैची घालो. ताण नसला का कैची तिरपी जाते अन् गिऱ्हाईक शिव्या देऊन जाते. तुह्या पेशीत याच्यापेक्षा येगळं काय हाये ते सांग. नसन तर चार वर्षं कायले घालवली?

अन् शोभाचं तोंड बंद होईन असं लिही. नाईतर लिहूच नको.

आनंदाबाई


पुणे
२६ डिसेंबर २००२

प्रिय आजी,

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचे सर म्हणाले, ताणाचा प्रश्न विचारायला आमच्यातल्या काहींना दोन वर्षं लागली होती.

चूक माझीच. घाईत सोपं करायला गेले आणि उलट अर्थ निघाला. आता नीट लिहिते.

धोतरजोडीचं जे तू लिहिलंस, अगदी तेच होतं. पेशीला डोळे नाहीत. तिला फक्त ताण कळतो. एक दोरा इकडून ओढतो, एक तिकडून, आणि मधल्या कड्या दोन्ही बहिणींना धरून असतात म्हणून ताण बसतो. ताण बसला की पेशी समजते की दोरे बरोबर आहेत. मगच पहारेकरी हटतो आणि कैची चालते. म्हणजे नीट वेगळं व्हायचं असेल, तर त्याआधी नीट धरलेलं असावं लागतं.

आता रजतचं. अंड्यातली वाटणी जरा जास्त गुंतागुंतीची असते, पण तिथेही जोड्या या कड्यांच्याच जोरावर टिकून असतात. मी लिहिलं होतं, जोडी सुटली नाही. आमच्या क्षेत्रात संशय वेगळाच आहे. ती चिकटून बसते असं नाही. तिला धरणाऱ्या कड्या वेळेच्या आधीच झिजतात. मग ओढलं तरी ताण बसत नाही, कोण कुठे जायचं ते ठरत नाही आणि दोन्ही एकाच बाजूला जाऊन पडतात. पुरावे अजून गोळा होत आहेत, म्हणून मी 'संशय' म्हणते. पण जुळ्या केळ्याशी तुलना करायचीच असेल तर हे त्याच्या बरोबर उलट आहे.

आणि वेळ बघ. बाईची अंडी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होऊन बसतात. तिथपासून त्या कड्या तशाच धरून असतात. तू म्हणायचीस ना, फार दिवस घडी करून ठेवलेलं धोतर घडीवरच विरतं? वहिनीला रजत छत्तिसाव्या वर्षी झाला. तेवढी वर्षं ती घडी पडून होती. ही गडबड गर्भ राहायच्या आधीच होऊन गेलेली असते. केळझरला केळं खाल्लं तेव्हा रजत पाच महिन्यांचा पोटात होता. झालेल्या गोष्टीला नंतरचं केळं काय करणार?

एक विनंती. वयाचं वाचून वहिनीला कोणी बोल लावू नये. हे विसाव्या वर्षीच्या आईच्या बाबतीतही होतं. कोणाचाच दोष नाही.

तुझी,
मयुरी


सिंदी मेघे
१४ जानेवारी २००३

मयुरी,

यावेळी मी पत्र वाचलं नाई. मोहिनीचं ऐकलं. मी दाखवलं.

दुकान बंद असते त्या दिवशी सगळ्यांले दुकानातच बोलावलं. शोभा म्हणे, आता काय नाटक हाये? मी म्हटलं, गादीवर बस अन् पाह्य. नवी धोतरजोडी काढली. एक टोक भैय्याजीच्या हाती, एक गजेंद्रच्या. त्याले आधी खर्रा थुंकाले लावला, दोन कामं त्याच्यानं एका टायमाले होत नाई. म्हटलं, ओढा. ताण बसला. मधात कैची घातली, सरसर चालली, एक धोतर इकडं, एक तिकडं.

मंग खालच्या फळीतून नानाजीच्या टायमाची जोडी काढली. कोणी घेतलीच नाई म्हणून पडून होती. तुह्या बापानं टोक धरलं, गजेंद्रनं धरलं, मी म्हटलं ओढा. मधातले दोरे विरलेले. कैची लागलीच नाई, फर्रकन सुटली, भैय्याजी मांगं तक्क्यावर पडला अन् दोन्ही धोतरं गजेंद्रच्या मांडीवर.

मी शोभाले इचारलं, "चिकटून राह्यली का ढिली पडली?"

शोभानं विरलेला दोरा बोटात धरून पाह्यला.

"याच्यात केळं कुठं हाये ते दाखव मले. फळीखाली असन तर पाह्य."

मंग मी तुहं सांगणं सांगतलं, का हे केळझरच्या आधीचं हाये, मोहिनी तिच्या मायच्या पोटात होती तिथपासूनचं. शोभा लगेच म्हणे, "म्हणजे दोष तिच्या माहेरचा." मी म्हटलं, "तू तुह्या मायच्या पोटात होती तवा गजेंद्रचं अन् मयुरीचं अर्धं-अर्धं तिथंच होतं. तुही माय काय खात होती ते इचारून ये."

तुही इनंती मी पाळली नाई. वयाचा बोल लावला. पण मोहिनीले नाई, भैय्याजीले. साखरपुडा झाल्यावर दुकानाचा वरचा माळा बांधू, मंग लग्न करू, असं म्हणत पोरीले वर्षानुवर्षं कोणी बसवून ठेवलं? माळा झाला. अजून त्याच्यात रिकामे खोकेच हायेत. कोणाचाच दोष नाई, हे तुह्या प्रयोगशाळेत बरोबर असन. इथं थोडा दोष वाटून देल्याशिवाय माणसं ऐकत नाई.

मले वाटलं, जिंकली. पण तुही माय रडाले लागली अन् जे पोटात होतं ते भायेर आलं. म्हणे, "केळ्याचं मले काय पडलं हाये! अमरावतीवाले मयुरीले पाहाले येणार हायेत. घरात असं लेकरू दिसलं तर कोण करन माह्या पोरीले?"

झालं. म्हणजे मी दोन महिने केळ्याशी भांडली अन् भांडण केळ्याचं नव्हतंच. मोहिनीले अन् लेकराले तुह्यासाठी लपवून राह्यले. तुले हे माहीत होतं का नाई ते मले माहीत नाई. माहीत असन तर तुही खमिराची हुशारी तिकडंच ठेव. नसन तर आता झालं.

मोहिनीनं ते ऐकलं. तिनं पडलेली धोतरं उचलली, घडी केली अन् म्हणे, "आजी, तुमची कैची बोथट झाली, तोंडाले मात्र चांगली धार हाये."

चतुर्थीले तीन आठवडे हायेत.

आनंदाबाई


पुणे
२२ जानेवारी २००३

आजी,

अमरावतीचं स्थळ आलंय हे आईनं फोनवर सांगितलं होतं. त्याचा वहिनीच्या जाण्याशी संबंध आहे हे मला माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं. मी फक्त पेशीकडे बघत बसले.

काल अमरावतीवाल्यांना मी स्वतः पत्र टाकलं. माझा भाचा रजत कसा आहे, त्याला काय झालंय, तो आमच्याच घरी राहतो आणि राहणार आहे, हे सगळं लिहिलं. वहिनीनं पाठवलेला त्याचा फोटो सोबत घातला, तोच, जीभ बाहेर असलेला. आईला तूच सांग. मला धीर नाही.

मयुरी


सिंदी मेघे
२० फेब्रुवारी २००३

मयुरी,

अमरावतीवाल्यांचा फोन आला. म्हणे, मुलगी चांगली हाये, पण आम्ही सध्या थांबतो. थांबा म्हणा, उभ्यानं थांबा. त्यांच्या पोराचा फोटो मी पाह्यला होता. उलटून ठेवला तरी चालते असा.

तुह्या मायनं डोक्याले फडकं बांधून अंथरूण धरलं. तुले नावं ठेवली, मले ठेवली, खमिराले ठेवली. मोहिनीनं तिले भाकर-वरण नेऊन देलं. खाल्लं तिनं, दोनदा मागून खाल्लं.

तू दोन पत्रं शास्त्राची लिहिली, त्याच्यानं फक्त केळं हाकललं गेलं. काम केलं ते या तिसऱ्या पत्रानं. लपवाचं कारणच राह्यलं नाई, तर लपवाचं कोणाले? पण तुही पाठ थोपटू नको. हे पयल्याच महिन्यात इचारलं असतं तर माही एक जुनी धोतरजोडी वाचली असती.

चतुर्थीले केळझरले गेलो. मोहिनी लेकराले घेऊन सगळ्यात पुढं. परसादात जुळं केळं मी मुद्दाम मागून घेतलं अन् शोभाच्या समोर उभं राहून खाल्लं. म्हटलं, आता पाहत बस मले काय होते ते. तुह्या टायमालेही असंच खाल्लं असतं तुह्या मायनं, तरी तू एकटीच झाली असती. तुह्यासारख्या दोन कोणाच्या पोटात मावत नाई. तुही माय हासली. रागातच हासली, पण हासली.

दुसऱ्या दिवशी योगेंद्र जीप घेऊन आला. अंगणात उभा. त्याले निरोप फिरवाचं कोणाच्या ध्यानातच नाई आलं, असं हे आपलं घर. गजेंद्र दारात गेला. मले वाटलं आताही गिळून बसते. तर त्यानं खर्रा थुंकला, पेटी उचलली, अन् योगेंद्र जीपचं फाटक उघडाले गेला तसा हा पेटी घेऊन जिन्यानं वर. माळ्यावर आपटल्याचा आवाज आला. मोहिनी भावाले म्हणे, "जीप रिकामीच न्या, पण जेवून जा."

हे सगळं चांगलं झालं असं समजू नको. शोभा अजून शेजारीण आली का लेकराले आतल्या खोलीत ठेवाले पाहते. मोहिनी पुन्हा भायेर आणते. दिवसातून किती वेळा होते ते मोजाले मले वेळ नाई. अन् पुढच्या स्थळालेही तुले हेच पत्र लिहा लागन, शाई भरून ठेवजो.

काल मोहिनीनं रजतले दुकानात गादीवर आणून ठेवलं. मान आता थोडी धरते. एक गिऱ्हाईक धोतरजोडी घ्याले आलं. गजेंद्रनं एक टोक धरलं, दुसरं गादीवर पडलं होतं, ते या पोट्ट्यानं मुठीत घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणे हात ढिले राहतीन. राहोत. गजेंद्रनं जरासं ओढलं, यानं सोडलं नाई. अजून ओढलं, तरी नाई. मधातले दोरे ताठ झाले.

मी कैची हातात घेऊन उभी. गिऱ्हाईक म्हणे, "आजी, कापा ना, ताण तर बसला."

मी म्हटलं, "दम धर. एवढी काय घाई हाये तुले धोतराची?"

आनंदाबाई